डावीकडून तिसरी

पडद्यावरची काळी बाई विहिरीच्या काठावर रडायला लागली तेव्हा मागच्या रांगेतलं कोणीतरी आधी हसलं. मग ते हसू एकेक रांग ओलांडत पुढे आलं आणि प्रतिभाच्या खुर्चीपाशी पोहोचलं. शेजारी बसलेली रूपाली तोंडावर ओढणी धरून हसत होती. ती प्रतिभाच्या शाळेत चित्रकला शिकवायची. गंगापूर रोडवरच्या या सभागृहात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी फिल्म सोसायटीचा कार्यक्रम असे, आणि आज तिनेच प्रतिभाला ओढून आणलं होतं. विषय होता ‘चुकलेली पात्रनिवड’. पहिला तासभर मजेत गेला होता. पन्नाशीच्या नायकाला कॉलेजात पाठवणारे चित्रपट, सासूपेक्षा थोराड दिसणाऱ्या मालिकांमधल्या सुना, एवढंच काय, ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे राहून तक्रार करून गेले की अमक्या मालिकेतला फिटर पाना असा धरतो की जणू आमटी ढवळतोय. प्रतिभाही हसली होती. मग पुण्याहून आलेले वक्ते म्हणाले, “आता एक विसरलेली टेलिफिल्म दाखवतो. चौऱ्याण्णव सालची. आपल्या नाशिक जिल्ह्यातच चित्रित झालेली.” दिवे मंद झाले, आणि पडद्यावर आधी विहीर आली, मग दोर ओढणाऱ्या बायका आल्या, मग प्रतिभा स्वतः आली.

तिला कोणी ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. त्या वेळी ती सव्वीस वर्षांची होती, अंगाने बारीक, श्रेयनामावलीत माहेरचं आडनाव, आणि रोज सकाळी दीड तास बसून हातापायांना, मानेला, चेहऱ्याला चोपडलेला तो रंग. आता ती अडतीस वर्षांची, चष्मा लावणारी, आठवी-नववीला मराठी शिकवणारी बाई होती. “बघा,” वक्ते हातातल्या काठीने पडद्यावर दाखवत होते, “हा रंग बघा. कानामागे लावायचा राहिलाय. तिथली गोरी कातडी दिसते. आणि घडा कसा उचलला बघा, लग्नात रुखवत उचलतात तसा.” पुन्हा हशा. रूपाली कानाशी कुजबुजली, “कोण हो ही बया? कुणाची तरी भाची असणार.” प्रतिभाचा हात आपोआप कानामागे गेला होता. तो तिने परत मांडीवर आणून ठेवला. तिथे त्याचं काय करावं ते तिला कळेना.

“पण मी हे हसण्यासाठी दाखवत नाही,” वक्ते म्हणाले आणि त्यांनी तोच प्रसंग पुन्हा लावला. “आता हिच्याकडे बघू नका. मागे बघा. डावीकडून तिसरी.” सभागृह हळूहळू शांत झालं. मागे पाच बायका उभ्या होत्या. त्यातल्या चौघी कॅमेऱ्याकडे पाहायचं नाही एवढंच सांगितल्यासारख्या ताठ उभ्या होत्या. तिसरी दोर ओढत होती. आजारी पोराची बातमी ऐकून रडणाऱ्या बाईकडे ती पाहतही नव्हती. नुसता तिचा हात दोरावर मंदावला होता, थांबला नव्हता. पाणी वर यायलाच हवं होतं आणि बातमीही ऐकायला हवी होती, हे दोन्ही त्या एका हातात होतं. “ही भूमिका हिची होती,” वक्ते म्हणाले. “दिग्दर्शकाला ती चार पावलांवर उभी असून दिसली नाही, यापेक्षा मोठी चूक कुठली? हिचं नाव कुठेही नाही. इथे कोणाला माहीत असेल तर सांगावं.” ते खरंच थांबले. तेवढ्या वेळात प्रतिभाचे ओठ हलले. “काय म्हणालात?” रूपालीने विचारलं. “काही नाही,” प्रतिभा म्हणाली. वक्त्यांनी पुढचं उदाहरण लावलं.

दिग्दर्शकाला दिसली नव्हती, हे खरं नव्हतं. हे त्या सभागृहात फक्त प्रतिभाला ठाऊक होतं. बाहेर रूपाली रिक्षा शोधत होती, “मस्त झाला ना कार्यक्रम” म्हणत होती, आणि प्रतिभाच्या नाकाशी बारा वर्षांपूर्वीचा तो रंग होता, खोबरेल तेल आणि काजळी यांचा, उन्हात वितळून गळ्याशी ओघळणारा. दाणी त्या दिग्दर्शकाचं नाव. मुंबईहून आलेला, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. राज्य नाट्य स्पर्धेत प्रतिभाचं काम पाहून त्याने तिला निवडलं होतं. रौप्यपदक, वर्तमानपत्रात फोटो, वडिलांनी गल्लीत वाटलेले पेढे, सगळं त्या वर्षातलं. पेठच्या वाटेवर सावळघाट उतरून आत गेलं की एक पाडा होता. तिथे पंधरा दिवसांचं चित्रीकरण. सप्टेंबर संपत आलेला, भात पोटरीत आलेलं, पाड्यातली माणसं द्राक्षांच्या छाटणीसाठी खाली पिंपळगावकडे निघण्याच्या तयारीत. प्रतिभाला बोली शिकवायला, डोक्यावर घडा कसा घ्यायचा ते दाखवायला त्यांनी पाड्यातलीच एक मुलगी ठेवली होती, रोजावर. सिंधुबाई. वीस वर्षांची असेल. तिचा नवरा काळू आणि सासू नवसाबाई दोघं मजुरीला निघायला अधीर झालेले, पण शूटिंगचा रोज बरा म्हणून पंधरा दिवस थांबलेले.

सिंधुबाई शिकवायची म्हणजे काय, तर हसायची. “तशी नको, बाई. मान अशी कडक नको. घडा डोईवर हाय, ते इसरायचं.” प्रतिभा विसरू शकत नव्हती. ती प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घ्यायची, उच्चारसुद्धा, आणि संध्याकाळी मुक्कामाच्या शाळेच्या खोलीत आरशासमोर घोकायची. तिसऱ्या दिवशी विहिरीवरचा प्रसंग झाला, त्यात गर्दीला बायका कमी पडल्या म्हणून सिंधुबाईलाही उभं केलं. सहाव्या दिवशी मरणाचा प्रसंग होता. आई मजुरीहून परत येते, झोपडीत शिरते, पोर गेलेलं असतं. चिंध्या गुंडाळून केलेलं पोर मधोमध ठेवलं होतं, त्याचा एक पाय बाहेर काढला होता. प्रतिभाने हंबरडा फोडला. दाणी म्हणाला, पुन्हा. तिने आवाज कमी केला. पुन्हा. ती गुडघ्यांवर पडली, तिने जमिनीवर हात आपटले, तिने नुसते अश्रू गाळले. नऊ वेळा झालं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग पाण्याने फाटला होता आणि रंगवणारा पोऱ्या स्पंज घेऊन कंटाळून उभा होता. तेव्हा दाणी दाराशी बसलेल्या सिंधुबाईला म्हणाला, “तू ये गं. बाईंना नुसतं दाखव, काय करशील ते.”

सिंधुबाई आत आली. तिने डोक्यावरचा भारा उतरवला. भारा नव्हताच, पण उतरवल्यावर तिची मान जराशी वर आली. पोराकडे तिचं लक्ष गेलं आणि ती तशीच पुढे जाऊन चुलीपाशी बसली, पोराकडे पाठ करून. मग बसल्या बसल्या मागे हात नेला, त्या चिंध्यांच्या पायाच्या तळव्यावरची माती अंगठ्याने पुसली, आणि प्रसंगासाठी कोपऱ्यात बसवलेल्या म्हातारीला विचारलं, “याने काय खाल्लं होतं सकाळी?” एवढंच. झोपडीत कोणी हललं नाही. बाहेर जनरेटर चालू होता, तो चालूच राहिला. प्रतिभाला त्या क्षणी जे वाटलं ते तिने नंतर कधीच कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. तिला वाटलं होतं, हे किती सुंदर आहे. आणि त्याच श्वासात वाटलं होतं, आता माझं काय. पाड्यातली एक बाई मेकअपवाल्याला सांगत होती की सिंधीचा पहिला पोरगा मागल्या पावसात गेला, दीड वर्षाचा होता, ती रानात होती तेव्हा.

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात दाणी कॅमेरामनशी बोलत होता. प्रतिभा खोलीत साडी बदलत होती, मधे फक्त पत्र्याची भिंत. “सहा दिवसांचं काम फेकावं लागेल,” कॅमेरामन म्हणाला. “फेकू,” दाणी म्हणाला. “उद्या सकाळी तिला विचारतो. प्रतिभाला मी समजावतो, तिला शाळामास्तरणीचं काम देऊ.” ती निऱ्या हातात धरून तशीच उभी राहिली. गल्लीत वाटलेले पेढे तिला आठवले. वडिलांचा चेहरा आठवला. पदक देताना टाळ्या वाजल्या होत्या त्या अजून कानात होत्या आणि त्या माणसांपैकी प्रत्येकजण आता तिला विचारणार होता, काय झालं गं त्या फिल्मचं. पुढे बारा वर्षं ती स्वतःला सांगत आली की तेव्हा ती भांबावली होती, लहान होती. पण भांबावलेलं माणूस इतकं नीट काम करत नाही. पहाटे उजाडता उजाडता ती उठली, संहितेची फाइल काखेत घेतली आणि ओढ्यावर गेली. सिंधुबाई तिथे भांडी घासायला येते हे तिला माहीत होतं.

“सिंधु, एक सांगते, कोणाला बोलू नकोस,” ती म्हणाली होती. “हे लोक तुझ्याच पोराची गोष्ट दाखवणार आहेत. पोर उपाशी मेलं, आई सोडून गेली होती, असं. सिनेमा सरकारकडे जाणार. मग चौकशी होते. आईला नेतात.” सिंधुबाईच्या हातातलं भांडं पाण्यात तसंच राहिलं. “मी नव्हती सोडून गेली,” ती म्हणाली. “मी मजुरीला गेली होती.” “मला माहीत आहे. पण लिहिलंय तसं.” आणि मग प्रतिभाने फाइल उघडली, पान तिच्यासमोर धरलं आणि त्यावर बोट ठेवलं. “हे बघ. इथं तुझं नाव लिहिलंय.” सिंधुबाईने पान पाहिलं, खूप वेळ. तिला वाचता येत नव्हतं. ते प्रतिभाला माहीत होतं, तिनेच पहिल्या दिवशी रोजाच्या कागदावर तिचा अंगठा घेताना पाहिलं होतं. “तुम्ही लय चांगल्या, बाई,” सिंधुबाई म्हणाली. “सांगितलं.” दाणी नऊ वाजता विचारायला गेला तेव्हा झोपडीला ताटी लावलेली होती. काळू, सिंधुबाई आणि सासू सकाळच्या टेम्पोने मजुरीला उतरून गेले होते. दाणी व्हरांड्यात बराच वेळ सिगरेट ओढत बसला. मग म्हणाला, “चला, प्रतिभा. आपण आपलं करू.” मरणाचा प्रसंग तेराव्या वेळी ठीक म्हणून सोडून दिला. टेलिफिल्म एका दुपारी दाखवली गेली. लोकांनी नावं ठेवली ती तिच्या रंगाला. वडील म्हणाले, छान झालं. दाणीने पुन्हा काही केल्याचं तिच्या ऐकिवात आलं नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं आणि तिने नाटकात काम करणं सोडलं. घरात विषय निघाला की नवरा गंमत करायचा, “आमची हिरॉइन.” मग त्यानेही सोडून दिलं.

रविवारनंतरच्या शनिवारी अर्धी शाळा होती. प्रतिभाने घरी फोन करून उशीर होईल एवढंच सांगितलं आणि सीबीएस स्टँडवरून पेठची गाडी धरली. काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. नाव सांगायचं, इतकंच मनात होतं. त्या वक्त्यांना पत्र लिहायचं की डावीकडून तिसरी सिंधुबाई. पण त्या पत्राखाली सही कोणाची? पाड्यात आता डांबरी रस्ता होता, शाळेला सिमेंटची खोली होती. नवसाबाई दारात नागलीचं पीठ चाळत बसली होती. डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आलेला. तिने प्रतिभाला ओळखलं नाही, आवाजावरूनही नाही.

“सिंधी?” ती म्हणाली. “ती नाय येत इकडं. पिंपळगावला कांद्यात हाय. काळू येतो होळीला, मला लुगडं देतो, जातो. ती नाय.”

“का नाही येत?”

“भ्याली ती. ते शिनेमावाले आले होते ना, त्यांच्या कागदात तिचं नाव होतं. एका बाईनं वाचून दावलं.” नवसाबाईने चाळण आपटली. “मी सांगलं, बारा वरसं झाली, कोण येतंय? तर म्हणती, सासूबाय, लिवलेलं जातं का कुठं.”

प्रतिभा जमिनीवर बसली. नवसाबाईला वाटलं पाणी हवंय, तिने पाणी दिलं. पाणी पिता पिता प्रतिभाला कळलं की इतकी वर्षं आपण एका भूमिकेबद्दल शरमत होतो. चोरलेल्या कामाबद्दल. एखादीचं बक्षीस दुसरीने घ्यावं तसं काहीतरी. सिंधुबाई द्राक्षाच्या बागेतून महिना-दोन महिन्यांत परत आली असेल, विसरलीही असेल, असं तिने स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की तिला ती पाड्यात चालताना, दोर ओढताना दिसायची. आणि इथे एक माणूस तिच्या एका वाक्यात अडकून राहिलं होतं, ते वाक्य अजून चालू होतं.

पिंपळगावला ती दुसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळीच गेली. महामार्गाला लागून व्यापाऱ्यांची कांद्याची खळी होती, पत्र्याच्या लांबलचक शेडा, त्यात कांद्याचे ढीग आणि ढिगांभोवती बसलेल्या बायका, लहान-मोठा कांदा वेगळा करत. टरफलं हवेत उडत होती, घशात जात होती. तिसऱ्या खळ्यात तिला सिंधुबाई सापडली. ओळखायला क्षणभर लागला. बत्तीस वर्षांची बाई पन्नाशीची दिसत होती, समोरचे दोन दात नव्हते, कमरेला टॉवेल गुंडाळलेला. पण हात तेच होते. प्रतिभा तिच्यासमोर उकिडवी बसली आणि नाव सांगितलं. सिंधुबाईने मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याची प्रतिभाने सगळ्या वाटेत एकदाही कल्पना केली नव्हती. ते हसू होतं.

“अगं बया, शूटिंगवाल्या बाई,” ती म्हणाली आणि शेजारणीकडे वळली. “ए मोहिनी, ही ती बाई. मी सांगत होती ना. हिनं मला वाचवलं.” मोहिनी नावाची ती तरुण मुलगी प्रतिभाकडे आदराने पाहू लागली. “इथं लय जणींना सांगितलंय मी,” सिंधुबाई म्हणाली. “शिकल्याली सगळीच माणसं वाईट नसतात. च्या मागवू?”

चहा मागवला असता आणि प्यायला असता तर तसंच परत जाता आलं असतं. प्रतिभाला ते समोर स्वच्छ दिसत होतं. कप, चार गोष्टी, पोरांची चौकशी, आणि हे हसू आहे तसं ठेवून महामार्गावरून नाशिकची गाडी. त्यात दयाही होती, असं म्हणता आलं असतं. तिने मोहिनीला जरा पलीकडे जायला सांगितलं. मग म्हणाली, “सिंधु, त्या कागदात तुझं नाव नव्हतं. कोणी येणार नव्हतं तुला न्यायला. तुला ते माझं काम देणार होते, म्हणून मी खोटं बोलले.”

सिंधुबाईचे हात चालत राहिले. मोठा कांदा उजवीकडे, बारीक डावीकडे, सडका मागे. पलीकडे मुकादम मोबाइलवर कोणाशी तरी भाव बोलत होता.

“मंग कागदात काय होतं?” तिने विचारलं. “बोट ठेवलं होतं तुम्ही.”

“मी पाहिलं नव्हतं.”

“पाहिलंच नव्हतं?”

“नाही.”

सिंधुबाईने हातातला कांदा ढिगात टाकला. कोणत्या बाजूला टाकला ते तिने पाहिलं नाही. “पोराला तिथं ठेवलाय,” ती म्हणाली. “पाड्याच्या वर, साताठ दगड लावलेत. दर साली दगड सरकतात पावसानं, परत लावाय लागतात. काळू लावत नाय, त्याला धीर नाय होत. मी म्हणायची, जाऊ दे, आपण गेलो न् धरलं तर ह्या दोन पोरांना कोण बघंल. मंग दोन झाली ना इथं, मागनं.” तिने पुढचा कांदा उचलला. “आता दगड नसतील.”

“मी नेते तुला,” प्रतिभा म्हणाली. “आज. आत्ता.” आपला आवाज तिला ऐकू आला. त्यात थोडी थरथर, योग्य ठिकाणी थांबणं, सगळं बरोबर होतं, आणि तिला तो आवाज नकोसा झाला.

“कशाला?” सिंधुबाई म्हणाली. रागाने नाही. खरंच विचारल्यासारखं. मग तिने पहिल्यांदा प्रतिभाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, गालाकडे, मानेकडे, जसं काही शोधत असावी. “तो शिनेमा मी नाय पाहिला. ती बाय तुम्हीच केली ना मंग?”

“हो.”

“बरी तरी केली का?”

शेडच्या पत्र्यावर ऊन चढत होतं आणि कांद्याचा उग्र वास डोळ्यांत जात होता. इथे सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं, त्याला काही अर्थ नव्हता. प्रतिभा म्हणाली, “नाही.”

सिंधुबाईने मान हलवली. एखाद्या मालाचा भाव ऐकून हलवावी तशी, लहानशी. पदराने हात पुसले आणि ती गुडघ्यावर हात देऊन उठली. खळ्याच्या तोंडाशी टेम्पो मागे घेत होते, मुकादमाने हाक मारली होती.

“सरका बाई,” ती म्हणाली. “गोण्या भरायच्यात.”

प्रतिभा सरकली. मोहिनी आणि सिंधुबाईने मिळून पहिली गोणी उचलली.